मुतारी कुठंय डॉट इन

सपनानं ज्याला गोरं केलं नाही असा पुढारी मोहगव्हाणात शोधूनही सापडला नसता. जवळा बाजारहून शिरड शहापूरकडं जाताना मधे लागणारं हे बाजाराचं गाव, आणि त्याच्या बसस्टँडसमोर सपनाचं आणि तिचा नवरा प्रेमानंदचं फ्लेक्सचं दुकान. प्रेमानंद खांबावर चढून फ्लेक्स बांधायचा आणि सपना खाली कॉम्प्युटरवर बसून माणसं दुरुस्त करायची. कुणाचा तीळ काढ, कुणाच्या टकलावर केस आण, कुणाला गॉगल घाल. वाढदिवस, निवड, फेरनिवड, दुःखद निधन, सगळ्याला तेच चेहरे. फक्त निधनाला ती गोरेपणा जरा कमी ठेवायची.

तिची सासू पंचफुला दर गुरुवारी गावच्या बाजारात पालेभाजी विकायची. मेथी, शेपू, आंबट चुका, सांबार म्हणजे कोथिंबीर. "माही सून पुढाऱ्यांची तोंडं धुती," असं ती बाजारात सांगायची. कौतुकानं की टोचून, हे लग्नाला नऊ वर्षं होऊनही सपनाला नक्की ठरवता आलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात पंचफुलाला लघवीची जळजळ सुरू झाली. जवळा बाजारच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "मावशी, पाणी भरपूर प्या." घरी आल्यावर म्हातारी म्हणाली, "डॉक्टरला काय जातंय पाणी पे म्हनाया." सपनाला वाटलं, हट्ट. तिनं सासूला चार गोष्टी सुनावल्या, आरोग्यावरचा एक व्हिडिओही दाखवला. पंचफुलानं तो शेवटपर्यंत पाहिला आणि पाणी काही प्यायली नाही.

मग एका गुरुवारी म्हातारी तापानं फणफणली. भाजी आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेली. ती वाया कशी घालवायची? दुकानात प्रेमानंदला बसवून सपना स्वतः बाजारात पाल मांडून बसली. ऊन तापलेलं. तिनं सकाळी चहा घेतला, मग पाणी, मग शेजारच्या पालावरचा आणखी एक चहा. दुपार व्हायच्या आत तिची चुळबुळ सुरू झाली. शेजारी लसूण विकणारी निता नावाची बाई बसली होती. सपना तिच्या कानाशी लागली.

"ताई, इथं बाईमानसाला जायाला कुठं हाय?"

निता हसली. "पयल्यांदा बसली व्हय? मंग पानी कोनी सांगितलं होतं पेयाला?"

तरी बिचारी उठली आणि सपनाला कापसाच्या जिनिंगच्या जुन्या भिंतीमागं घेऊन गेली. तिथं दोघीजणी एक साडी आडवी धरून उभ्या होत्या आणि साडीमागं तिसरी बसली होती. चौथी आपला नंबर येण्याची वाट पाहत होती. भिंतीवर तीन पोरं पाय सोडून कुल्फी खात बसलेली. सपनाला काही जमलं नाही. ती तडक घरी गेली, आणि परत येईपर्यंत एका शेळीनं मेथीच्या निम्म्या जुड्या संपवल्या होत्या.

संध्याकाळी तिनं सासूला सगळं सांगितलं. पंचफुलानं पडल्यापडल्या आधी शेपूची चौकशी केली. मग म्हणाली, "तुला घर तरी जवळ हाय. लांबून येनाऱ्या बायांनी काय करावं?"

दुसऱ्या दिवशी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'महिलांचे कैवारी' हे शब्द टाइप करताना सपनाची बोटं थांबली. पण गिऱ्हाईक समोरच बसलं होतं, म्हणून पुन्हा चालू लागली.

हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंच थेट जनतेतून निवडायचा होता. दोन पॅनल उभे राहिले. एकाचे पुढारी सोनाजी. ते आधी उपसरपंच होते आणि आता त्यांना त्यातला 'उप' काढायचा होता. दुसऱ्याचे उत्तमसिंग. मागच्या खेपेला दोघं एकाच पॅनलमध्ये होते, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. तो फ्लेक्सही सपनानंच केला होता.

उत्तमसिंग एका सकाळी दुकानात आले, सोबत हिंगोलीहून आणलेला मुकुल नावाचा तरुण. पुण्यात शिकलेला, पाठीवर लॅपटॉप, आणि स्वतःची ओळख 'प्रचार सल्लागार' अशी करून देणारा.

"वहिनी, वेबसाईट करायची हाय आपल्याला," उत्तमसिंग म्हणाले. "तुमी त्या मंगल कार्यालयाची केली होती ना, तशी. त्याच्यात आपले सगळे वादे टाका. रस्ता, नाली, सभागृह, व्यायामशाळा, कमान..."

"भैया, तिथंच चुकतं," मुकुलनं त्यांना अडवलं. "शंभर ठिकाणी हात-हात खणलं तर पाणी लागत नाही. एकाच जागी खोल खणायचं. एक प्रश्न, एक साईट. दुसरं काही नाही. गावात असा कोणता प्रश्न आहे, जो सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही?"

उत्तमसिंगांनी विचार केला. "कमान," ते म्हणाले.

"बाजारात मुतारी न्हाई," सपना म्हणाली. तिचं तोंड कॉम्प्युटरकडंच होतं. "बायांसाठी."

शिडीवर बसलेला प्रेमानंद खाली न बघता दोरी गुंडाळत राहिला. उत्तमसिंगांचा चेहरा असा झाला, की तो दुरुस्त करायला सपनालाही वेळ लागला असता.

"वहिनी, इलेक्शन हाय हे," ते हळू आवाजात म्हणाले. "इज्जतीचा मामला असतो."

पण मुकुल टेबलावर हात आपटून उठला होता. "भैया, सोनं आहे हे! याला विरोधक उत्तर काय देणार? 'नको' म्हणणार? अर्धी मतं बायकांची आहेत."

अर्धी मतं ऐकून उत्तमसिंगांची इज्जत जरा निवळली. मग नावावरून घोळ झाला. मुकुलला 'स्वच्छ सुंदर मोहगव्हाण' हवं होतं. सपना म्हणाली, त्या नावाच्या कमानी ढिगानं आहेत. बाई बाजारात आल्यावर जे विचारते तेच नाव द्या. ती काय विचारते? मुतारी कुठंय. मुकुलनं ते शब्द दोनदा तोंडात घोळवले आणि तिथंच बसून 'मुतारी कुठंय डॉट इन' हे नाव विकत घेतलं, स्वतःच्या खात्यावर.

"फोटो कोणता घेऊ, भैया?" सपनानं विचारलं. "तो फेट्यातला?"

"फोटो न्हाई," उत्तमसिंग ताडकन म्हणाले. "त्या शब्दाच्या बाजूला माहा फोटो? सासुरवाडी हाय मला, वहिनी."

अशा रीतीनं सपनाच्या हातून निवडणुकीचं पहिलंच काम असं झालं, ज्यावर एकाही पुढाऱ्याचं तोंड नव्हतं. एकच पान. वर प्रश्न, खाली गुरुवारच्या बाजाराचा भर उन्हातला फोटो, आणि त्याखाली एक व्हॉट्सॲप नंबर: तुमचा अनुभव बोलून पाठवा, नाव येणार नाही.

पहिले दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी पंचफुलानं स्वतः फोन मागून घेतला आणि तोंडाशी आरशासारखा धरून बोलली. त्यानंतर निता बोलली. आणि मग बाजारच बोलू लागला. सपना दुपारी ऐकायची आणि जसंच्या तसं टाइप करायची.

'मी लसून विकती. घरून निघताना पानी पेत न्हाई, घरी जाईस्तोर पेत न्हाई. मालक म्हनतेत, तू उंटीन हायेस.'

'आमच्या चौघींची एक साडी ठरलेली हाय. जुनी झाली, आता आरपार दिसती. नवी घेयाची तर ती नेसायची का धरायची?'

एक तर पुरुषाचा आवाज होता. 'बायको बाजारात आली की लगेच घरी चला म्हनायची. मला वाटायचं, हिला माझ्यासंग फिरायला आवडत न्हाई. काल ही साईट दाखवली तर रडली. आमच्या लग्नाला वीस वर्सं झाली.'

हे टाइप करून झाल्यावर सपनानं तो निरोप पुन्हा पहिल्यापासून ऐकला.

गावात मात्र दुसरीच चर्चा. साईट कुणाची? एरवी फ्लेक्सच्या वरच्या ओळीतले चेहरे बघून लोक ओळखायचे, कोण कुणाचा. इथं चेहराच नाही. सोनाजींच्या माणसांना वाटलं उत्तमसिंगांची. उत्तमसिंगांच्या माणसांना वाटलं, आपले नेते असलं काही करणार नाहीत, म्हणजे सोनाजींची. आणि कुणाचीच नाही म्हटल्यावर बायांना ती खरी वाटली.

शाळेतून निवृत्त झालेले मार्तंड गुरुजी तक्रार घेऊन दुकानात आले. त्यांचा प्रश्नाला विरोध नव्हता, शब्दाला होता. "बाळ, भाषेचा काही स्तर असतो. मूत्रविसर्जनगृह म्हणावं. स्त्रियांसाठी असल्यास महिला मूत्रविसर्जनगृह."

पंचफुला दाराशी जुड्या बांधत बसली होती. "गुरुजी," ती म्हणाली, "एवढं नाव घेईस्तोर बाईनं कसं धरून ऱ्हावं?"

गुरुजी लाजले. दुसऱ्या दिवशी नंबरवर त्यांच्या पत्नीचा, अनुसूयाबाईंचा निरोप आला. तो चांगला लांब होता आणि त्यात मूत्रविसर्जनगृह हा शब्द कुठंही नव्हता.

मतदान दहा-बारा दिवसांवर आलं, तेव्हा सोनाजी दुकानात आले. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला बी एक साईट पाहिजे. नाव टाका, मुतारी हाय."

सपनानं त्यांच्याकडं पाहिलं. दुकानात येईल ते काम करायचं, हा तिचा आणि प्रेमानंदचा पहिल्यापासूनचा रिवाज. दोन्ही पॅनलचे फ्लेक्स याच मशीनमधून एकापाठोपाठ एक निघत होते. "हाय?" तिनं विचारलं.

"हाय म्हंजे? माझ्या काळात बांधली. कर्मचारी बघून गेले, साहेब बघून गेले. लोकांनी वापरली न्हाई, त्याला मी काय करू?"

"मंग फोटो लागंल, भाऊ."

"चला, दाखवतो. उद्याच्या गुरुवारी, भरल्या बाजारात दाखवतो."

गुरुवारी सोनाजी पुढं, मागं त्यांची पाच-सहा माणसं, आणि त्यांच्यामागं मोबाईल हातात धरून सपना, अशी वरात निघाली. कुठं चाललेत म्हणून बायाही उठून मागं लागल्या. बाजारओट्यांच्या मागं बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं होतं. ते तुडवत गेल्यावर एक बसकी खोली दिसली, पत्र्याच्या दाराची. दाराला गंजलेलं कुलूप.

"ही व्हय मुतारी?" निता ओरडली. "आमाला वाटलं करंटाची खोली हाय. भिऊन लेकरायला इकडं येऊ देत नव्हतो."

"बघा, उभी हाय का न्हाई?" सोनाजी विजयानं म्हणाले. "घ्या फोटो."

"आतला बी लागंल," सपना म्हणाली.

किल्ली कुणाकडं आहे, यावर माणसांत कुजबूज झाली. ती कुणाकडंच नव्हती. बाया जमत चालल्या होत्या, आता मागं फिरणंही बरं दिसलं नसतं. शेवटी सोनाजींच्याच माणसानं दगडानं कुलूप तोडलं. दार ओढलं, आणि आतून गुंडाळ्याच्या गुंडाळ्या बाहेर घरंगळल्या.

फ्लेक्स होते. जुने, धुळीनं माखलेले, छतापर्यंत कोंबलेले. कार्यक्रम झाला की काढून कुठं ठेवायचे, तर ही हाताशी असलेली कोरडी खोली. पोरांनी एक गुंडाळी उलगडली. सपनानं आपलं काम लांबूनच ओळखलं. त्यावर सोनाजी आणि उत्तमसिंग एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, दोघंही दुधासारखे गोरे, आणि खाली गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं: 'जागतिक महिला दिनाच्या माताभगिनींना हार्दिक शुभेच्छा'.

मग अनुसूयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि सगळा बाजार हसायला लागला. सोनाजीही हसले, दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पंचफुला मात्र हसली नाही. ती गुंडाळ्या ओलांडून आत डोकावली. "बसायचे भांडे हायेत तीन," तिनं बाहेर सांगितलं. "आडोसा बी हाय. पानी न्हाई. ए पोराहो, हे सगळं काढा बाहीर. निता, बोरवरून दोन हंडे आन."

हंडे आले, झाडू आला. फ्लेक्सही वाया गेले नाहीत. ज्यांच्या पालांना सावली नव्हती, त्यांनी एकेक उचलून नेला. त्या दुपारी पुढाऱ्यांचे चेहरे खाली आणि पांढरी बाजू वर, अशा सावलीत वांगी-मिरच्या विकल्या गेल्या. संध्याकाळी पंचफुलानं घरचं कुलूप आणून दाराला लावलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली.

"आत्या, कुलूप कशाला?" सपनानं विचारलं.

"उघडी ठेवली तर पुन्हा कोनी तरी हसरं तोंड आनून ठेवीन त्याच्यात."

सपनानं सोनाजींची साईट कबूल केल्याप्रमाणं करून दिली. 'मुतारी हाय', आणि खाली दोन फोटो, बाहेरचा आणि आतला. आतला फोटो टाकू नका असं सांगायला सोनाजी आले, तोवर तो अर्ध्या तालुक्यात पोचला होता. मुकुलनं उत्तमसिंगांच्या भाषणात वाक्य घातलं, "त्यांनी लपवली, आम्ही शोधली." त्याच फ्लेक्सवर आपलाही हात कुणाच्या तरी खांद्यावर आहे, हे उत्तमसिंग विसरून गेले, आणि लोकांनीही त्यांना फारसं छळलं नाही. थोडक्या मतांनी ते निवडून आले.

निकालाच्या संध्याकाळी सपना साईट उघडायला गेली. पाण्याच्या टाकीचं अजून बाकी होतं, तेवढी एक ओळ तिला घालायची होती. पासवर्ड चालेना. तिनं मुकुलला फोन लावला.

"ताई, ते बंद केलं," तो म्हणाला. "मोहीम संपली. आता तिथं भैयांचं अभिनंदनाचं पान टाकतोय."

"त्याच नावावर?"

"लोक येतात हो त्या पत्त्यावर. फुकट का घालवायचे?"

आणि खरंच, पुढचे कितीतरी दिवस 'मुतारी कुठंय' असं विचारणाऱ्याला उत्तरादाखल फेट्यातले उत्तमसिंग हात जोडून दिसायचे. ज्या शब्दाच्या शेजारी फोटो नको होता, त्याच्या आतच ते जाऊन बसले होते. ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सपनाला आधी राग आला, मग दिवसभर हसू येत राहिलं, मग परत राग आला. बायांचे शब्द मात्र तिच्या फोनमध्ये होते. ते तिनं पुसले नाहीत.

सरपंच झाल्यावर उत्तमसिंगांना लोकार्पण करायचं होतं. त्यांनी खोलीला गुलाबी रंग दिला, वर पाण्याची टाकी बसवली, आणि सोमवारचा मुहूर्त काढला. किल्ली मागायला माणूस आला, तर पंचफुला म्हणाली, "सोमवारी बाजार नसतो. सोमवारी कोनाला लागली?" माणूस परत गेला. मग उत्तमसिंग स्वतः आले.

"मावशी, जय भीम. किल्ली द्या ना. दहा मिनटाचं काम हाय."

"जय भीम, बाबा. गुरुवारी ये. गुरुवारी उघडीच असती."

म्हातारीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आणि तसंही निम्म्या मतांची किल्ली तिच्याच कमरेला होती. लोकार्पण गुरुवारी ठरलं. दाराला फीत बांधली, माईक आणला, उत्तमसिंग स्त्रीसन्मानावर बोलायला उभे राहिले. भाषण चांगलं होतं, पण लांबलं. फितीच्या अलीकडं बायांची रांग लागली होती, आणि ती काही भाषणासाठी लागलेली नव्हती. पंचफुलानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं फीत एका हातानं वर उचलून धरली आणि पहिल्या बाईला म्हणाली, "वाक अन् जा." एकेक बाई वाकून आत जात राहिली. उत्तमसिंग बोलत राहिले. शेवटी फीत कापायची वेळ आली, तेव्हा रांग संपत आली होती.

सपना हे सगळं मोबाईलवर घेत होती. उत्तमसिंगांनी तो व्हिडिओ मागितला नाही, तरी तो गावोगाव फिरला. आता तालुक्यात तिला 'मुतारीवाल्या मॅडम' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दचकली होती. आता त्या नावानं आलेला फोन ती सरळ उचलते. कारण त्या नावानं कामं येतात. आजूबाजूच्या गावांत निवडणुका लागत गेल्या, तसे उमेदवार येऊ लागले, सगळ्यांना एकेका प्रश्नाची साईट हवी.

परवा सिद्धेश्वरच्या बाजूच्या एका गावाहून भीमसिंग नावाचे उमेदवार आले. नवी गाडी, मोठा आवाज.

"मॅडम, आमाला बी एक प्रश्न द्या," ते म्हणाले. "चांगला चालनारा."

"प्रश्न तुमच्या गावात काय हाय?"

"तसं काई न्हाई. सगळं बराबर हाय. तुमच्याकडंच असंल एखादा बसनारा."

सपनानं त्यांना चहा दिला. मग म्हणाली, "भाऊ, घरी जा अन् वहिनींना विचारा. त्या जे सांगतील ते मी टाकती. तुमी मधी बोलायचं न्हाई, एवढी एकच अट."

भीमसिंग मोठ्यानं हसले. "तिला काय कळतंय? पन ठीक हाय. ती सांगंल ते टाका. माझा शब्द."

काल दुपारी त्यांच्या बायकोचा फोन आला.

"आमचं नवं घर हाय ना, वरच्या आळीला," बाई म्हणाली. "त्याचं सगळं सांडपानी खाली तीन घरांच्या दारात जातंय. त्यांची लेकरं त्याच्यातून शाळंला जातेत. त्या बाया मला बोलत न्हाईत आता. एक तर माझी मैतरीन होती, आमी संगंच ह्या गावात नांदायला आलो. ह्यांना चार वेळा म्हनलं, नाली काढा. म्हनतेत, पानी उतारानंच जानार. हे टाकता येतं का तुमाला?"

"येतं," सपना म्हणाली. "भाऊंनी शब्द दिलाय."

"मंग टाका. माझं नाव नका टाकू," बाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "न्हाई, टाका. नाव बी टाका."

सपनानं फोन ठेवला आणि नवं पान उघडलं. प्रेमानंद शिडी घेऊन बाहेर निघाला होता. तो दारातच थांबला.

"नवं काम व्हय? भीमसिंगाचं?"

"त्याच्या बायकोचं," सपना म्हणाली आणि टाइप करायला लागली.